माळ्याखालची चूल

नाशिकच्या डॉक्टरने माझ्या छातीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि पहिलं विचारलं ते हे, "आजी, बिडी ओढता का?" मी नाही म्हटलं. "मशेरी?" नाही. "तंबाखू?" नाही. त्याचा चेहरा जरा पडला. चांगला मुलगा होता, माझ्या नातवाच्या वयाचा, आणि त्याने मनात जे उत्तर काढून ठेवलं होतं ते मी बिघडवलं होतं. मला उगीच ओशाळल्यासारखं झालं. एखादी ओढली असती तर काय मोठं आकाश कोसळलं असतं, असंही वाटून गेलं.

मग त्याने नीट समजावून सांगितलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार असतात म्हणे. काही मुख्यतः बिडी-सिगारेटवाल्यांना होतात. मला झालाय तो मात्र जन्मात बिडीला न शिवलेल्या बायकांनाही होतो. फुप्फुसाच्या कडेकडेला धरतो आणि बराच काळ कुणाला पत्ता लागू देत नाही. कशाने होतो? दुसऱ्याच्या बिडीच्या धुराने होतो, चुलीच्या धुराने होतो, खाणीतल्या नाही तर कारखान्यातल्या धुळीने होतो, काही घरांत रक्तातूनच येतो, आणि पुष्कळदा कशाने झाला ते कधीच कळत नाही. माझा मुलगा शेजारी बसून रडवेला झाला होता. डॉक्टर पुढेही बरंच काही बोलला, पण मी चुलीपाशीच अडकले होते. मला माझी सासू आठवत होती.

माझं लग्न झालं तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. वडील संस्थानच्या जंगलखात्यात शिपाई, म्हणून आम्ही जव्हार गावात राहायचो, आणि मी शाळेत बसून लिहायला-वाचायला शिकले होते. आमच्या घराला खिडकी होती. ही गोष्ट मी सासरी इतक्यांदा सांगितली, की पुढे पुढे मी तोंड उघडलं की नवरा म्हणायचा, "आली खिडकी."

सासर म्हणजे पोशेऱ्याच्या वर, डोंगराला टेकलेला एक पाडा. घरं सगळी कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि त्यांवर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. दार एकच, तेही वाकून जायचं. खिडकीचं नाव नाही. लग्न होऊन पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तर काही दिसेना. डोळे चुरचुरले आणि घळाघळा पाणी यायला लागलं. बायका म्हणाल्या, नवरी रडतेय, माहेरची माया आहे. मी रडत नव्हते, पण तसं सांगायलाही घशातून आवाज निघेना.

घराच्या मधोमध चूल, आणि चुलीवर बांबूचा माळा. त्या माळ्यावर सगळ्या पाड्याचं बियाणं असायचं. भाताचं बी पेंढ्यात घट्ट बांधून त्याचे गोल मुडे करायचे, ते दिवाळीनंतर माळ्यावर चढवायचे आणि पेरणीला उतरवायचे. तोवर खाली चूल धुमसत ठेवायची. धुराने बी कोरडं राहतं आणि पोरकिडे लागत नाहीत. तसा माळा प्रत्येकाच्या घरी होता. पण माझ्या लग्नाआधी कधीतरी एका वर्षी पाड्यावरच्या सगळ्या बियाण्याचं किड्यांनी पीठ केलं आणि फक्त माझ्या सासूच्या माळ्यावरचं उगवलं. तेव्हापासून सगळ्यांनी आपापले मुडे तिच्याकडे आणून ठेवायची रीत पडली. ओळखायला प्रत्येकाची खूण असे. कुणाची लाल चिंधी, कुणाचं मोरपीस, कुणाची नुसती वेगळी गाठ.

सासूला मी आत्या म्हणायचे. आत्याचा धूर हा साधा धूर नव्हता. जाळ मोठा झाला की बी भाजतं, धूर विरळ झाला की किडा येतो, आणि या दोन्हींच्या मधला धूर पाड्यात तिला एकटीला यायचा. ती ऐनाचं ओलसर लाकूड लावायची, त्यावर भाताचं तूस, त्यावर निरगुडीचा पाला, आणि फुंकणी तोंडाला लावून बसायची. फुंकर इतकी हलकी की निखारा नुसता लाजायचा. धूर उठून सरळ माळ्याला जायचा, तिथे पोटभर थांबायचा आणि मग उरलेला आमच्याकडे यायचा.

त्या धुरापायी तिला पाड्यात मान होता. पेरणीची पहिली मूठ तिच्या हातून पडायची. लग्नात नवरीच्या आईच्या आधी तिला पाटावर बसवायचे. पाटलीणसुद्धा तिच्याशी बोलताना पदर सारखा करायची. आत्याला याचा अभिमान होता आणि तो ती झाकून ठेवत नसे. "माज्या धुरावर पेरतात समदी," असं ती भाकरी थापता थापता कुणाला उद्देशून नाही असं म्हणायची. ऐकायला मी एकटीच असायचे.

तिला खोकला लागला तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, कारण आमच्या घरात सगळेच खोकायचे. तिचा थांबेना, एवढाच फरक. मग ती वाळत चालली. चोळी अंगावर लोंबायला लागली. पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला की वाटेत दोनदा टेकायला लागली. आणि एका सकाळी थुंकीत रक्ताचा धागा आला. तिने तो पायाने मातीत दाबला आणि वर बघितलं तर मी उभी होते.

आता कारण शोधायला हवं होतं. पाड्यावर कारणांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, ओढ्याचं गार पाणी बाधलं. कुणी म्हणालं, घाटातून येताना वारं अंगावर आलं. भगताने तांदळाचे दाणे मांडून बघितले आणि कोंबडा मागितला. मग आत्याला चुलीला चिकटून बसवलं, डोक्यावरून घोंगडी टाकली आणि घोंगडीच्या आत धूप, मिरच्या आणि कसलीशी मुळी जाळली. ती बेदम खोकली. भगत म्हणाला, "निघतंय. बसलेलं हाय ते निघतंय." कोंबडा त्याने घरी नेला.

मी मात्र जव्हारची, शिकलेली. मला खरं कारण ठाऊक होतं. बिडी. सासरे, म्हणजे आमचे मामा, आपट्याच्या पानांच्या बिड्या वळून ओढायचे. मी सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं, की मामा, तुमच्या बिडीने आत्याची छाती खाल्ली. पाड्यावर माझ्या बोलण्याला सहसा कुणी मान डोलवत नसे. त्या दिवशी सगळ्यांनी डोलवली. नवऱ्याने, शेजाऱ्यांनी, भगतानेही. मामांना बिडीसकट घराबाहेर काढण्यात आलं.

थंडीचे दिवस. मामा बिचारे घोंगडी लपेटून ओट्यावर बसायचे, बिडी ओढायचे, थोटूक मातीत विझवायचे, चूळ भरायचे, हात धुवायचे आणि मगच आत यायचे. आत यायचे म्हणजे कुठे, तर समोरच्या माणसाचं तोंड दिसू नये अशा धुरात. मी पावलांच्या आवाजावरून ओळखायचे की मामा आले, आणि त्या धुरातूनच ओरडायचे, "बिडी बाहेर टाकलीत ना?" मामा धुरातूनच म्हणायचे, "टाकली गं बाय." यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. बिडीचा धूर बाहेरून आलेला, दुकानच्या तंबाखूचा. चुलीचा धूर हा घरातलाच माणूस होता.

बिडी बाहेर गेली तरी रक्त थांबेना, तेव्हा मी जव्हारचा हट्ट धरला. नवऱ्याने आणि शेजाऱ्यांनी डोली केली आणि आत्याला संस्थानच्या दवाखान्यात नेलं. मीही मागून चालत गेले. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ठोकून बघितली.

"बिडी ओढते का ही?"

"ती नाही, सासरे ओढतात," मी पुढे होऊन सांगितलं. "पण त्यांना बाहेर काढलंय."

"आणि हिच्या कपड्यांना हा वास कसला?"

आम्हाला जरा लागलं ते. येताना धुतलेलं लुगडं नेसवलं होतं तिला. नवऱ्याने चुलीचं आणि माळ्याचं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "घराला खिडकी आहे का?"

माझ्या आयुष्यात एवढा योग्य प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "नाही!" मी म्हटलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता.

डॉक्टर म्हणाले, क्षय असेल किंवा दुसरं काही छातीत धरलं असेल, आत डोकावून बघायचं साधन इथे नाही. लाल औषधाची बाटली देतो. पण बाटलीपेक्षा हे करा, की हिला चुलीवरून उठवा आणि घराला खिडकी पाडा. जितके दिवस धुरात बसेल तितकी लवकर जाईल. त्यांनी हे आत्यासमोरच सांगितलं. परतताना डोलीतून ती म्हणाली, "डागदराच्या घरी बियानं नसंल."

घरी आल्यावर नवऱ्याने कोयता घेतला आणि चुलीमागच्या कुडात मोठं भोक पाडलं. कारवी कडाकडा तुटली, वाळलेली शेणमाती खाली पडली आणि घरात ऊन आलं. छपरापासून काजळीच्या झिरमिळ्या लोंबत होत्या. आत्याने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "तू गोरी हायस की गं," ती म्हणाली. "माला वाटलं सावळी."

मला हसू आलं, पण ते तोंडातच राहिलं, कारण मीही तिला तेव्हाच नीट बघत होते. सुरकुत्यांत काजळी बसलेली, डोळे लालभडक, गळ्याची हाडं वर आलेली. धुरात ती एवढी संपलेली दिसत नव्हती. मला भीती वाटली. ही बाई आपल्याला किती हवी आहे हे मला त्या उजेडात कळलं.

खिडकीचा गुण आला. खोकला गेला नाही, पण निम्मा झाला. ती पाठ टेकून झोपायला लागली, वाटीभर आंबील पिऊन आणखी मागायला लागली. मी पाड्यावर नाकाने कांदे सोलत फिरले. पाणवठ्यावर जी भेटेल तिला, तुम्हीही पाडा खिडकी, असं सांगत सुटले. कुणी पाडली नाही. सगळ्यांचं बियाणं आमच्या माळ्यावर होतं आणि सगळ्या म्हणत होत्या, बघू.

होळी झाली. एका सकाळी मी नागलीची भाकरी थापत होते तर हातावर वरून पीठ पडलं. वाटलं माझंच उडालं असेल. आत्या दारात ऊन खात बसली होती. तिथून तिने बघितलं आणि उठून आत आली. "नागलीचं पीठ पांढरं आसतं का?" तिने विचारलं.

नवरा माळ्यावर चढला. खिडकीतून येणारा वारा धूर आडवाच बाहेर नेत होता, माळ्यापर्यंत तो पोचतच नव्हता. लाल चिंधीचा मुडा खाली आणून सोडला तर पेंढ्यातून पोरकिडे चालत बाहेर आले. बाकीचे मुडे अजून बरे होते, पण किडा एकदा माळ्यावर आला की कुणाची चिंधी, कुणाचं मोरपीस असं बघत नाही.

त्या दिवसापासून पाडा आमच्याकडे यायला लागला. एकेकजण यायचा, वाकून आत शिरायचा आणि विचारायचा, "बाय, बरी हायस ना?" आत्या म्हणायची, "बरी हाय." तो म्हणायचा, "बरं झालं," आणि माळ्याकडे बघायचा. मग खिडकीकडे बघायचा. मग जायचा. खिडकी बुजवा असं एकानेही म्हटलं नाही. भांडले असते तर मी एकेकाला पुरून उरले असते. पण माणसं चांगली होती, त्याला काय करणार?

लाल चिंधीचा मुडा एका म्हाताऱ्या विधवेचा होता. ती आली, उरलेलं बी तिने पुन्हा पेंढ्यात बांधलं आणि मुडा काखेत घेतला. "मी घरीच ठिवते," ती आत्याला अगदी मायेने म्हणाली. "तुला कशाला तरास? तू आराम कर." आत्याने मान हलवली. म्हातारी गेली, आणि त्या दिवशी आत्याने आंबिलीला हात लावला नाही. माळ्यावरून मुडा परत गेला होता. असं तिच्या हयातीत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर घरात अंधार. आत्याने एकटीने कारवी लावून, शेणमाती कालवून खिडकी लिंपून टाकली होती. लिंपण ओलं होतं, तिची बोटं त्यावर उमटली होती. ती चुलीपाशी बसून धापा टाकत होती आणि हातात फुंकणी होती.

माझं डोकं फिरलं. हंडा तिथेच टाकला आणि ते लिंपण उकरायला हात घातला.

"हात लाव, मंग बघ," ती म्हणाली.

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? मरशील तू."

"मरंन की. आन् पेरशील काय? डागदराची बाटली?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. त्याची आई होती आणि त्याचं शेतही होतं, तो कुठल्या तोंडाने बोलणार? मी मटकन खाली बसले आणि रडले. पाड्यावर आल्यापासून पहिल्यांदा खरी रडले, आणि कुणी काही म्हणालं नाही, कारण तिथे सगळ्यांचेच डोळे नेहमी वाहत असत.

मग मी उठले आणि म्हटलं, "सरक तिथून. फुंकणी इकडे दे." ते मायेने म्हटलं की रागाने, हे मला आजही सांगता यायचं नाही. बहुतेक रागानेच.

ती देईना. "तुला जाळ तेवढा येतो," म्हणाली. मी म्हटलं, शिकव मग. ओट्यावर बसून शिकव, आत पाऊल टाकलंस तर मी खिडकीसकट भिंत पाडीन. तेव्हा तिने फुंकणी माझ्या हातात दिली. तिचं तोंड लागून लागून ती टोकाला गुळगुळीत झाली होती.

आत्या ओट्यावर बसायला लागली. ओट्यावर मामा होते, त्यांच्या बिडीसकट. मी त्यांना तिथूनही उठवलं. ते घोंगडी उचलून आंब्याखाली गेले. त्या सगळ्या आजारात जागा बदलत राहिले ते फक्त मामा.

धूर मी शिकले. आत्या बाहेर बसून नुसत्या वासावर सांगायची. "पातळ झाला गं!" "पाला घाल!" "जाळ करतेस, माज्या बियान्याच्या लाह्या करशील!" पहिले दिवस मला श्वास घेता येत नव्हता. मी खोकून खोकून दाराशी आले की ती म्हणायची, "खोक. सुरवातीला समद्यांना होतं." तिने मला जवळ बसवून पाठीवर हात फिरवला असं एकदाच झालं. तेव्हाही तिचं लक्ष आत चुलीकडे होतं.

पण किडा थांबला. पेरणी जवळ आली तेव्हा मुडे उतरवले आणि बी खडखडीत निघालं. म्हातारीच्या घरच्या मुड्याचं पीठ झालं होतं, तर सगळ्यांनी आपल्यातलं मूठ मूठ बी तिला दिलं. पहिली मूठ टाकायला आत्याला शेताच्या बांधावर नेलं. तिला हात वर उचलेना. तिने बी माझ्या मुठीत घातलं, माझं मनगट धरलं आणि दोघींच्या हाताने ते पडलं.

रोपं उगवली, लावणी उरकली, आणि ती गेली. शेवटचे महिने तिने मोकळ्या हवेत काढले, पण तोवर फार उशीर झाला होता. पाड्यावर सगळे म्हणाले, बिडीने गेली. मामांनी त्या दिवसापासून बिडी सोडली.

पुढच्या दिवाळीला लोक मुडे घेऊन आले ते सरळ माझ्याकडे. म्हातारी लाल चिंधीचा नवा मुडा घेऊन सगळ्यांच्या आधी आली. मी माळ्याखाली बसले आणि बसतच राहिले. संस्थान गेलं, राजा गेला, मामा गेले, माझा नवरा गेला. मुलं खोकत खोकत मोठी झाली. लग्नात मलाही नवरीच्या आईच्या आधी पाटावर बसवायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मग कधीतरी गोणीतलं बियाणं यायला लागलं, गुलाबी औषध चोळलेलं. त्याला धूर लागत नाही. मुलाने पुढे सिमेंटचं घर बांधलं आणि मला खूश करायला प्रत्येक भिंतीला खिडकी ठेवली.

"आजी, ऐकताय ना?" नाशिकचा डॉक्टर विचारत होता. मी हो म्हटलं.

"शेवटचं विचारतो. तुमच्या घरात आधी कुणाला असं काही झालं होतं?"

"झालं होतं," मी म्हटलं. "माझ्या सासूला. तेव्हा कुणाला नाव माहीत नव्हतं, पण हेच असणार."

तो हसला, अगदी समजुतीने. "सासू चालत नाही, आजी. रक्ताचं नातं लागतं. आईला, बहिणीला कुणाला?"

"मग नाही," मी म्हटलं. "कुणालाच नव्हतं."